धुतलेली पट्टी
“बाई, हे कापड शॉक देतं का?” मैत्रिणींनी पैज लावली म्हणून मी भर वर्गात विचारलं. हवा गाळणारं कापड दाखवायला आलेल्या इंजिनिअरबाई हसल्या. “शॉक नाही, पण धूळ ओढून धरतं. त्यातला विद्युतभार भट्टीच्या धगीतही टिकतो, साबणाने मात्र जातो.” त्यांनी दोन तुकड्यांवर राख फुंकली. नव्यात ती अडकली, धुतलेल्यातून आरपार गेली. बाबा भट्टीवर राबतात. त्यांच्या मास्कमधली असलीच पट्टी आई रोज साबणाने चोळते, तरी खोकला हटत नाही. बाईंकडून नव्या पट्ट्या मागून घेऊन घरी पोचले, तर आई पट्टीच धूत होती. “बघ, कशी पांढरीशुभ्र निघाली.” बाबा खोकत हसले, “तुझ्या आईमुळेच टिकलोय.” साबणाचं सांगायचं सोडून मी नव्या पट्ट्या दप्तरात लपवल्या. “आई, बाबा, उद्यापासून पट्टी माझ्याकडे. कुणी हात लावायचा नाही.”