सगळ्यांचा लेक

"वरचं बटण काढ," मॅडम म्हणाल्या.

हिरोनं काढलं. थोड्या वेळानं बघतात तर पुन्हा लावलेलं. मॅडमनी कपाळावर हात मारून घेतला. इतकी वर्षं या माणसाला घडवत होत्या, पण गळ्यापर्यंत बटणं लावायची त्याची खोड काही सुटत नव्हती. रस्त्यावर वाढलेलं पोर कधी असं शाळेच्या फोटोला निघाल्यासारखं दिसतं का?

तो रस्त्यावर वाढलाच नव्हता, ही गोष्ट वेगळी. ते बालपण मॅडमनी एका दुपारी चहा पिता पिता तयार केलं होतं, नाव-आडनावासकट. साध्या चेहऱ्याचा, बरा अभिनय करणारा मुलगा. लोकांच्या गळी उतरवायचा कसा?

"आई-वडील आहेत?" त्यांनी तेव्हा विचारलं होतं.

"आहेत."

"आता नाहीत," मॅडम म्हणाल्या.

अनाथ म्हटल्यावर घराघरातल्या आयांचा जीव त्याच्यावर जडला. लोक त्याला 'सगळ्यांचा लेक' म्हणू लागले.

मॅडमचा एक नियम होता. ज्याला रंगवायचं त्याचं खरं काही कानावर घ्यायचं नाही. कुठला, कुणाचा, घरी कोण, काही नाही. आपल्याला माहीतच नसलं तर तोंडून निसटणार कसं? संध्याकाळी तो गॅलरीत जाऊन फोनवर हळूच "हो, जेवलो गं" म्हणायचा, तेव्हा त्या मुद्दाम टीव्हीचा आवाज वाढवायच्या.

आता मात्र गाठ सरकारशी होती. नव्या सिनेमातला लबाड मंत्री हुबेहूब आपल्यासारखा चालतो, असं खऱ्या मंत्र्यांना वाटलं आणि सिनेमावर बंदी आली. तो हिरोनं स्वतः लिहिला होता. पहिल्यांदाच तो मॅडमनी न शिकवलेलं काहीतरी बोलला होता, आणि उच्च न्यायालयानं आज बंदी उठवली नाही तर ते कुणालाच ऐकू जाणार नव्हतं. त्या विचारानं त्याची झोप उडाली होती.

मंत्र्यांच्या माणसांनी म्हणे हिरोची सगळी माहिती खणून काढली होती. हाती लागली ती मॅडमनी रचलेलीच गोष्ट. ते कळल्यावर मॅडमना भलताच अभिमान वाटला.

एवढ्यात वकीलसाहेब घाम पुसत आत आले.

"घात झाला. आपलं प्रकरण न्यायमूर्तीबाईंकडून काढलं."

अशी प्रकरणं ऐकणारी पीठं दोनच होती. बाई सरकारला भीक घालत नसत, म्हणून सगळे निर्धास्त होते.

"मग आता कुणाकडे?" मॅडमनी विचारलं.

वकीलसाहेबांनी नाव सांगितलं. "नुकतेच बदलून आलेत, पार दुसऱ्या टोकाहून. माणूस सरळ आहे, कुणाचं ऐकणारा नाही. पण सिनेमा म्हटलं की डोकंच फिरतं त्यांचं. घरात टीव्ही नाही. नाट्यगृहाच्या उद्घाटनाला बोलावलं, तर निमंत्रण परत पाठवलं. मंत्र्यांनी अगदी पारखून निवडलंय."

हिरोचा चेहरा पांढराफटक पडला. "यांच्यापुढे मी नाही उभा राहू शकत."

"पडद्यावर एका हातानं गुंड लोळवतोस आणि एका म्हाताऱ्याला घाबरतोस?"

"गुंड परवडले. मॅडम, एक सांगायचं होतं. खरं म्हणजे माझे..."

"नियम!" मॅडमनी दोन्ही कानांवर हात ठेवले.

तो वकीलसाहेबांकडे वळला.

"यांनाही नाही. वकिलांच्या पोटात काही राहत नाही."

"अहो, पोटात ठेवणं हाच तर आमचा धंदा!" वकीलसाहेब दुखावले. पण निघायची वेळ झाली होती.

न्यायालयाबाहेर ही गर्दी! फलक, फुलं, रडणाऱ्या बायका. मॅडमनी शिकवल्याप्रमाणे हिरो वरचं बटण उघडं ठेवून, मान खाली घालून चालत होता. फाटकाजवळ एका सरकारी गाडीत एक वयस्कर बाई मांडीवर डबा घेऊन बसल्या होत्या. हिरो जवळून गेला तसा त्यांनी डोळ्यांना रुमाल लावला.

"बघा," मॅडम वकीलसाहेबांच्या कानात म्हणाल्या, "सरकारी गाडीतल्या बायकासुद्धा आपल्याच!" मनातून त्या हरखून गेल्या होत्या.

आत मंत्र्यांची माणसं पुढच्या बाकावर ऐसपैस बसली होती. चेहऱ्यावर असं हसू, की निकाल जणू खिशातच. न्यायमूर्तींच्या दाराची कडी वाजली मात्र, हिरो ताडकन उभा राहिला. बाकीचे मागून उठले.

"बरीच माहिती आहे की इथल्या रीतीची," वकीलसाहेब पुटपुटले.

"एकदा वकिलाचं काम केलं होतं," हिरो म्हणाला.

न्यायमूर्ती बसले. कागद उघडले, मिटले. मग चष्म्यावरून त्यांनी हिरोकडे पाहिलं, इतका वेळ की मॅडमनी आशाच सोडली. गेला सिनेमा, गेला सगळ्यांचा लेक, संपलं सगळं.

वकीलसाहेब बोलायला उठले, तर न्यायमूर्तींनी हातानंच थांबवलं.

"हे प्रकरण मला ऐकता येणार नाही. न्यायमूर्तीबाईंच्या पीठापुढे ठेवा. आजच."

पुढच्या बाकावरचं हसू मावळलं. सरकारी वकील धडपडत उठले. "पण साहेब, कारण? आपला आणि या अनाथ कलाकाराचा काय संबंध?"

न्यायमूर्तींनी चष्मा काढला, सावकाश पुसला आणि हिरोकडे बघून म्हणाले, "वरचं बटण लाव. आणि बाहेर गाडीत तुझी आई सकाळपासून डबा घेऊन बसलीय, आधी तिला भेट."