पांढरा बुरणूस

खानाच्या वंशाचं रक्त जमिनीवर सांडू द्यायचं नाही. मारायचीच वेळ आली, तर लोकरीच्या जाड बुरणुसात गुंडाळून वरून घोडी पळवायची. तलवार इतरांसाठी.

*

थोरला खान दोन वर्षं दक्षिणेच्या मोहिमेवर होता. पहिल्या बर्फाला परत आला. त्यानंतर सात महिन्यांनी, घोड्या विण्याच्या दिवसांत, धाकटा खादान जन्मला. मोठा भाऊ त्याला अजून 'सातमाशा' म्हणून चिडवायचा.

*

सुखाई सुईण बाळाची नखं बघून पोटातले महिने सांगायची. कधी चुकली नाही. चार हिवाळ्यांपूर्वी वारली.

*

तंबूबाहेर बायका पांढरा बुरणूस झटकत होत्या. दुपारी सरदार त्याची चार टोकं धरून खादानला वर उचलणार होते. उचलला, की तो खान.

त्याआधी मोठ्या भावाचा निकाल लावायचा होता. परवाच्या लढाईत हरलेला दोरबेई बाहेर गाडीच्या चाकाला बांधलेला होता.

"तो बुरणूस नको, करड्या लोकरीचा जुना काढायला सांग," खादान म्हणाला.

जेबकेकाका मटणाचं हाड चोखत बसला होता. थोरल्या खानाचा चुलतभाऊ, आणि अजून दात शाबूत असलेला एकमेव म्हातारा.

"करडा असो नाहीतर पांढरा. बुरणुसात घातलास, म्हणजे तो खानाचा मुलगा हे तूच कबूल केलंस. मग त्याचं पोर खानाचा नातू. उद्या दहा सरदार त्या पोरामागे उभे राहतील. बापाबरोबर त्यालाही गुंडाळ."

"तीन वर्षांचं आहे ते, काका."

"तूही एकदा तीन वर्षांचा होतास. आता बघ."

पुतण्या कालच खादानच्या मांडीवर बसून वाळलेलं दही चघळत होता. अर्धं खादानच्याच दाढीला पुसलं होतं.

"दुसरी वाट आहे," काका म्हणाला. "ती जुनी गोष्ट."

जुनी गोष्ट छावणीत सगळ्यांना ठाऊक होती. लग्नानंतर दोनच महिन्यांत जंगलातल्या टोळीने खादानच्या आईला, अलाक्चीला, पळवून नेलं होतं. खानाने तिला सात महिन्यांनी सोडवून आणलं. परतीच्या वाटेवर, गाडीतच, सोबतच्या सुखाईच्या हातावर दोरबेई जन्मला. पूर्ण दिवसांचा असेल तर खानाचा. सातमाशा असेल तर जंगलवाल्यांचा. खानाने कुणाला मोजू दिलं नाही. माझा आहे म्हणाला, विषय संपला.

"दोरबेई जंगलवाल्यांचा ठरला, तर तलवार चालेल," काका म्हणाला. "मग त्याचं पोर कुणाचं कोण? राख मेंढरं म्हणावं. पण खोटं ठरवून खानाचं रक्त सांडलंस तर आभाळ सोडणार नाही. खरं सांगणारं माणूस हवं. सुखाई तर गेली."

"मी आहे ना," दारातून आवाज आला.

अलाक्ची उंबरठ्याला पाय न लावता आत आली. कडेवर नातू होता. पेंगत होता.

"वहिनी, बसा," काकाने हाड खाली ठेवलं.

"बसायला नाही आले. दोरबेई सातमाशा होता. जंगलवाल्यांचा."

खादानने आईकडे पाहिलं. जन्मभर या गोष्टीचा नुसता वास आला तरी ती उठून जायची.

"आई, हे आज सांगतेस?"

"तुझा बाप असताना सांगितलं असतं तर त्याने आम्हा दोघांनाही मारलं असतं. आज सांगून निदान हा एक तरी वाचेल." तिने नातवाला दुसऱ्या कडेवर घेतलं.

"विस्तवासमोर शपथ घ्याल, वहिनी?"

"घेते."

शपथ घेणाऱ्याने चुलीत लोण्याचा गोळा टाकायचा. तिने टाकला. जाळ फुरफुरला. मग तिने आणखी एक टाकला. दुसरा कशाला, ते कुणी विचारलं नाही.

"पोराला हात लावायचा नाही," ती म्हणाली.

"नाही लावणार."

"खान म्हणून सांगतोस, की मुलगा म्हणून?"

"दोन्ही."

बाहेर ऊन पडलं होतं. दोरबेईला सोडून गवतावर आणलं. त्याने इकडेतिकडे पाहिलं. बुरणूस दिसला नाही. तलवार दिसली.

"हे काय? कुणी ठरवलं?"

"मी," अलाक्ची म्हणाली.

तो आईकडे बघत राहिला. मग तिच्या कडेवरच्या पोराकडे. बराच वेळ. आणि एकदम हसला, लहानपणी कुस्तीत डाव कळल्यावर हसायचा तसा.

"बरं. जंगलवाला तर जंगलवाला." तो गुडघ्यांवर बसला. "ए सातमाशा, याला घोड्यावर बसायला तूच शिकव. काकाला सांगू नकोस, म्हातारा बकऱ्यावर बसल्यासारखा बसतो."

"शिकवीन," खादान म्हणाला.

अलाक्चीने नातवाचं तोंड खांद्यात दाबून धरलं.

रक्त गवतावर सांडलं. खादानने मान वर करून पाहिलं. ढग नव्हता, वारा नव्हता. एक घार होती, तीही निघून गेली. त्याने सुटकेचा श्वास सोडला.

दुपारी सरदारांनी पांढऱ्या बुरणुसाची टोकं धरली. खादान मधे बसला. "थोरल्या खानाचं रक्त!" अशी आरोळी उठली आणि त्यांनी त्याला खांद्याच्या वर उचललं. खाली गर्दीत अलाक्ची उभी होती. सगळ्यांनी नव्या खानापुढे गुडघा टेकला. तिनेही टेकला, नातवाला पुढ्यात घेऊन.

सुखाईने अलाक्चीची दोनच बाळंतपणं केली. दोन्ही वेळा पोराची नखं बघून तिने अलाक्चीच्या कानात एकच सांगितलं होतं: पुरते नऊ महिने.