तेलाची नळी

"उघडायचं तर आत्ताच उघडू," दादा म्हणाला आणि त्याने गाडीवरची ताडपत्री एका झटक्यात ओढली.

धुरळा उडाला. बहीण खोकली, पण जागची हलली नाही.

नऊ वर्षं ही गाडी वर्कशॉपमागच्या शेडमध्ये पडून होती. बहिणीचा नवरा याच गाडीत गेला. भंगारात द्यायचा विषय निघाला की ती म्हणायची, "राहू दे." दादाही मग पुढे बोलत नसे.

वर्कशॉप तिघा भावंडांचं. दादा थोरला, बहीण मधली आणि बारक्या शेंडेफळ. शर्यतीच्या गाड्यांची इंजिनं तयार करण्यात दोघा भावांचा हात धरणारं कोणी नव्हतं. फक्त एका गोष्टीवर त्यांचं आयुष्यात पटलं नाही.

दादा सुपरचार्जरचा माणूस. तो पट्ट्यावर फिरतो, थेट इंजिनाच्या जोरावर. पाय दाबला की त्याच क्षणी हवा आत कोंबतो. "हाक मारली की लगेच ओ देतो," दादा म्हणायचा.

"आणि मालकाच्याच ताटातलं खातो," बारक्या म्हणायचा. "टर्बो बघ. वाया जाणाऱ्या धुरावर फिरतो. इंजिनाकडे काही मागत नाही."

"पण दाबल्यावर विचार करत बसतो त्याचं काय?"

बारक्या मग खरोखरच विचार करत बसायचा. सगळ्यांची जेवणं उरकल्यावर हात धुताना म्हणायचा, "उशिरा निघतो दादा, पण निघाला की ऐकत नाही." बहीण हसून हसून बेजार व्हायची. "अरे, तुम्ही यंत्रांबद्दल बोलताय की स्वतःबद्दल?"

मेहुण्याने डोंगररस्त्याच्या शर्यतीसाठी टर्बो मागितला, तेव्हा दादा आठ दिवस कोणाशी धड बोलला नाही. टर्बो बारक्याने बसवला. शर्यतीच्या सकाळी तेल, पाणी, ब्रेक मात्र दादाने स्वतः पाहिले. तसा रिवाजच होता. शेवटचा हात थोरल्याचा.

चौथ्या वळणावर टर्बो जाम होऊन फुटला. धुराने पुढचं दिसेना आणि गाडी कठडा तोडून खाली गेली.

"टर्बोला तेलच पोचलं नाही," दादाने त्याच संध्याकाळी घर भरलेलं असताना सांगितलं. "सांधे बंद करायची गॅस्केटची पेस्ट तेलाच्या नळीत राहिली असणार. बसवताना घाई केली यानं."

बारक्या नुसता उभा राहिला. त्याला उत्तर सुचेपर्यंत माणसं उठून गेली होती. आठवड्याभरात तोही गेला. दुसऱ्या गावच्या बस डेपोत टायर बदलण्याचं काम धरलं. इंजिनाला म्हणे पुन्हा हात लावला नाही.

या मंगळवारी बहिणीने सकाळच्या चहाला विषय काढला. बारक्याचा फोन आला होता. एकदा ती नळी उघडून बघा, एवढंच त्याचं म्हणणं. त्याची चूक निघाली तर तो पुन्हा नाव काढणार नाही. नाही निघाली, तर त्याला घरी यायचंय.

दादाने कप खाली ठेवला. मग म्हणाला, "शनिवारी बघू. पण त्याच्यासमोर नको. तू आणि मी."

आज शनिवार.

दादाने पाना लावला. नट पहिल्याच जोराला सुटला.

"चिमे, तो दिवा आण गं जरा. काही दिसत नाही इथं."

बहीण दाराजवळचा दिवा काढून, वायर सोडवत आली. तोवर नळी दादाच्या हातात आली होती. त्याने ती उजेडात धरली, तार आत सरकवली. तार अडली. त्याने ढकललं. दुसऱ्या टोकातून एक काळा, कडक गोळा टपकन जमिनीवर पडला.

दोघंही त्याच्याकडे बघत राहिली.

दादा जवळच्या टायरवर बसला. चेहरा उतरला होता. "मलाही वाटत होतं गं, काही निघू नये," तो म्हणाला.

बहिणीने गोळा उचलून तळहातावर घेतला. "पेस्टच आहे?"

"पेस्टच. दुसरं काय असणार?"

"म्हणजे बारक्याचीच चूक."

"त्यानं मुद्दाम नाही केलं. पोरवय होतं, हात घाईचा होता." दादाने डोळे पुसले. "तू फोन करू नकोस. मी सांगतो. थोरला आहे मी. ओरडणार नाही, समजावून सांगेन. त्यालाही आता एकदाचं कळू दे."

"नऊ वर्षं हा गोळा इथंच होता, दादा?"

"मग जाणार कुठं? कोणी हात लावलाय का गाडीला?"

बहिणीने दिवा मडगार्डवर ठेवला. नळी त्याच्या हातातून हळूच काढून घेतली. तिचा आवाज अगदी रोजच्यासारखा होता.

"या गाडीची नळी मी मंगळवारी पहाटेच काढली होती, तुझ्याशी बोलण्याआधी. आरपार मोकळी होती. ही मी काल भंगारवाल्याकडून आणून बसवली. बसवण्याआधी फुंकून बघितली होती, दादा."