चिंगीचा लिलाव

हंगामाच्या सणाला चर्चमधी आमी घरचं काहीतरी देवाला वाहतो, मग त्येचा लिलाव हुतो. म्हातारा गेल्यापासनं घरात माझं ऐकणारी एकटी चिंगी कोंबडी. देवाला मोलाचंच द्यावं, म्हणून तिलाच वाहिली. लिलावात परत घ्यायला शंभराची नोट पदराला बांधलेली. पण पार लासुर्णे गावापातुर मीच थाप मारून ठेवलेली, चिंगी दिसाला दोन अंडी घालती, रविवारी तीन! खरं तर औंदा तिनं एक अंडंबी घातलं न्हाय. बारामतीच्या शमुवेलरावांनी दोन हजार पुकारलं. पाळकसाहेब म्हणालं, "आजी, खरंच तीन घालती व्हय?" सगळी मंडळी माझ्याकडं बघाय लागली. खरं बोलले असते तर चिंगी शंभरात घरी आली असती. पण जीभ आवरंना. "तीन तर घालतीच," मी म्हणलं, "नाताळाला चार!" शमुवेलरावांच्या काखेतनं चिंगी माझ्याकडं बघत गेली, पदराची गाठ तशीच ऱ्हायली.