चंद्रावरचा केर

१९८४ सालचा शिमगा आटोपला आणि आज सकाळच्या एस्टीने हौसाचे बाबा पालीहून मुंबईला परतले. माणूस दूर निघाला की तो सुखरूप पोचेपर्यंत मागे केर काढायचा नाही, म्हणून आईने झाडू कोपऱ्यात उभा केला. अंगणातल्या धुळीत बाबांच्या चपलांचे ठसे तसेच राहिले.

शाळेत गुरुजी पेपरातली बातमी वाचून दाखवत होते. "चंद्रावर वारा नाही, पाऊस नाही. तिथे चालून आलेल्या माणसांच्या पावलांचे ठसे पंधरा वर्षांनीही जसेच्या तसे आहेत!"

हौसाने हात वर केला. "गुरुजी, ती माणसं सुखरूप घरी पोचली ना?"

"केव्हाच पोचली!"

"मग चंद्राला कुणी कळवलं नाय काय? बिचारा अजून केर काढायचा थांबलाय."