टीव्हीचे डोळे

नूतनने लेकीच्या मुठीतून टीव्हीची वायर सोडवली. "नाय जमायचं, बाबा. उद्यापासून किमया माझ्याबरोबर रोह्याला."

उद्या, सोमवारपासून, पुंडलिकची सूनबाई पुन्हा तिथल्या कंपनीत शिफ्टला जाणार होती, आणि कंपनीजवळच्या पाळणाघरात तिने नातीचं नाव घालून ठेवलं होतं. दोन वर्षांची किमया दिवसभर घरात नाही, ही कल्पनाच म्हाताऱ्याला सोसत नव्हती.

किमयाने वायरींना हात लावू नये म्हणून उपाय काही थोडे झाले नव्हते. मुलाने, विशालने, टीव्ही भिंतीला बोल्टाने आवळला आणि प्लगांना प्लास्टिकची झाकणं बसवली. किमयाने तासाभरात ती सगळी उपसून भातुकलीत भजी म्हणून वाढली. मग पुंडलिकने आपली मूर्तिकाराची विद्या चालवली. टेम्पोत गणपती भरताना बांधतात तसा खालून पेंढा, वरून सुतळी घालून टीव्ही चहूबाजूंनी आवळला. आपल्या हमरापूरची मूर्ती इंदूरपर्यंत बोटही न मोडता जाते, मग टीव्ही कुठे जातोय! टीव्ही कुठेच गेला नाही. किमया मात्र सुतळीला धरून त्याच्यावर चढली.

"तिकडं मशीनवर उभी राहू आणि जीव इकडं टांगून ठेवू व्हय?" नूतन म्हणाली.

"खरं हाय गो तुझं," म्हणत पुंडलिक तोंड पाडून घरामागच्या गणपतींच्या कारखान्यात गेला.

किमया त्याच्या आधीच तिथे पोचली होती. अलीकडच्या रांगेत नुसत्या पांढऱ्या मूर्ती होत्या आणि त्यांच्या पोटांवर ती चमच्याने ताशा वाजवत होती. वाजवत वाजवत पलीकडच्या रांगेशी आली, तिने चमचा टाकला आणि दोन्ही हात पाठीमागे घेऊन ती उभी राहिली. त्या मूर्तींची आखणी झाली होती. पुंडलिकने सकाळीच त्यांचे डोळे रंगवले होते. डोळे उघडले की बाप्पा बघतो, मग हात नाय लावायचा, हे या घरातली पोरं बोलायच्या आधी शिकतात.

पुंडलिक एकटाच हसला. इतके दिवस अक्कल कुठे चरायला गेली होती कोण जाणे! बारीक ब्रश आणि रंगाच्या वाट्या घेऊन तो घरात आला, मेन स्विच पाडला आणि टीव्हीसमोर मांडी घातली. पडद्याच्या खालच्या कडेला चिंचोक्याएवढे दोन डोळे उमटले. पांढरं, मग बाहुली, मग पापणीची ती एकच रेघ, जिच्यासाठी गावातले लोक अजून त्यालाच बोलावतात.

किमया धावत आली. वायरीकडे हात गेला, आणि थबकला. तिने डोळ्यांकडे पाहिलं, डोळ्यांनी तिच्याकडे. मग दोन्ही हात पाठीमागे.

"हात नाय," तिने आजोबांनाच बजावलं.

पुंडलिकला इतका आनंद झाला की त्याने ब्रश खाली ठेवलाच नाही. स्विचबोर्ड झाला, मिक्सर झाला, फ्रिज झाला, चार्जर झाले. राऊटरवर जागा कमी, म्हणून त्याला एकच डोळा मिळाला. दिवेलागणीला घरातलं प्रत्येक यंत्र टक लावून बघत होतं. बातम्या देणाऱ्या बाईला चार डोळे झाले होते, आणि टीव्हीकडे पाय पसरून बसायची पुंडलिकची सवय आपोआप गेली होती.

नूतन पोट धरून हसली. पण हसून झाल्यावर म्हणाली, "आजचं कौतुक हाय, बाबा. उद्या विसरेल ती." आणि तिने पाळणाघराची पिशवी भरून दाराशी ठेवली. दुधाची बाटली, कपडे, दुपटं. पुंडलिक ब्रश आणि रंगाच्या वाट्या तिथेच टाकून उठला. त्या रात्री त्याला जेवण गेलं नाही.

सकाळी नूतन तयार होऊन दाराशी आली आणि थांबली. पिशवीवर दोन डोळे होते. एक वर, एक खाली, एक वाटाण्याएवढा, दुसरा बटाट्याएवढा, आणि दोन्हींतून रंगाचे ओघळ.

"बाबा, हे तुमचं काम?"

"माझं?" पुंडलिकला रागच आला. "पन्नास वर्षं आखणी करतोय गो मी! असा तिरळा डोळा माझ्या हातून होईल?"

पिशवीशेजारी किमया उभी होती. कोपरापर्यंत रंगलेले दोन्ही हात पाठीमागे.

"आई, हात नाय."

नूतनने पुंडलिकच्या डोळ्यांत पाहिलं, मग लेकीच्या. पिशवीकडे गेलेला हात तिने मागे घेतला. मग दुसराही घेतला, आणि तशीच, दोन्ही हात पाठीमागे बांधून, लेकीसमोर क्षणभर उभी राहिली.

"निघते मी एकटीच, बाबा," ती म्हणाली. "बाटली पिशवीतून तुम्हीच काढा. मला नाय चालत."