ठिपकेवाले

सकाळी सव्वासातला, ठरल्याच्या बऱ्याच आधी, होडीचं इंजिन सुरू झालं.

ती तेव्हा पाण्याखाली होती. प्रवाळाच्या खडकावर मोजपट्टी अंथरलेली, हातात पाटी, आणि पट्टीच्या पलीकडे तिचा जोडीदार लंबू. पट्टीच्या दोन्ही अंगांना दिसेल तो मासा मोजायचा, एवढंच काम. इंजिन वाजलं की खडकातले मासे कपारीत शिरतात आणि मोजणी वाया जाते. म्हणून लाल फुगा वर आल्याशिवाय इंजिनाला हात लावायचा नाही, असं तिने निघतानाच दादाला बजावलं होतं. फुगा अजून लंबूच्या कमरेला होता.

मत्स्य कार्यालयाची होडी दुरुस्तीला गेल्यामुळे आज दादाची होडी घेतली होती. दादा तिचा सख्खा भाऊ, हौशी गळवाल्यांना मासेमारीला घेऊन जाणारा. आधी तो नाहीच म्हणाला होता. मग तिने वहिनीसमोर विचारलं, तेव्हा त्याला हो म्हणावं लागलं.

आवाज जवळ आला. पोपटी मासे आधी दिसेनासे झाले, मग पिवळे, मग बारीक पिल्लं. खडक रिकामा झाला. उरले ते निळ्या ठिपक्यांचे.

हे मासे इथले नव्हेत. गेल्या हंगामात ते पहिल्यांदा दिसले आणि तेव्हापासून खडकावरची पिल्लावळ गिळत सुटले होते. जहाजांच्या टाक्यांतल्या पाण्यातून आले असावेत, असं तिनेच कार्यालयाला कळवलं होतं.

ठिपकेवाले लपले नाहीत. एकेक करून कपारीतून निघाले आणि वर गेले. दाणे टाकायला कुणी दारात आलं की कोंबड्या जमतात, तसे होडीच्या बुडाखाली तोंडं वर करून थांबले.

वरून वल्ह्याचं पातं पाण्यावर आपटलं. पुन्हा आपटलं. मासे हलले नाहीत.

लंबूने तिच्याकडे पाहिलं. पाण्याखाली बोलता येत नाही, हे बरं होतं.

"प्रवाह वाढत होता," दोघं होडीत चढल्यावर दादा म्हणाला. "अकराला तुमची बैठक. म्हटलं, उशीर नको."

"दादा," पाठीवरची टाकी उतरवत लंबू म्हणाला, "तुमची गिऱ्हाइकं भलतीच इमानी आहेत."

कुणी हसलं नाही. लंबू होडीच्या टोकाला जाऊन पाठमोरा बसला.

"काय घालतोस त्यांना?" तिने विचारलं.

दादाने इंजिनावरचा हात काढला नाही. "आमिषाचं उरलंसुरलं. डोकी, आतडी."

"आणि आणले कुठून?"

"गळाला काहीतरी मोठं लागावं लागतं गं. रिकाम्या पाण्यात पैसे मोजून कोण येणार?"

"कुठून आणले, ते विचारतेय मी."

"मासे पाळणारा आहे एक. पिल्लं होती, बोटाएवढी." त्याने होडी वळवली. "तुलाच तर विचारलं होतं. आपल्या पाण्यात कुठला मासा तगेल, कुठल्या कपारीत राहील. तू ताटात बोटाने सगळा खडक काढून दाखवला होतास."

तिला ते जेवण आठवलं. हात वाळून गेले तरी ती सांगत बसली होती. वहिनी दोनदा वाढायला येऊन परत गेली होती.

"मला वाटलं, तुला माझ्या कामाची गोडी लागली."

"लागली होतीच की."

होडी खडकापासून दूर आली.

"आणि काकांची जाळी?" तिने विचारलं.

खडकावरचे मासे बारीक जाळ्यांमुळे घटले, असं तिच्याच मोजणीवरून ठरलं होतं आणि जाळी बंद झाली होती. वडिलांच्या मागे दोघांना वाढवणाऱ्या काकांनी सगळ्यांच्या आधी आपली जाळी गुंडाळून ठेवली होती. पुतणी म्हणते म्हणजे खरं असणार, एवढंच ते बोलले होते. बंदी उठवायची की कायम ठेवायची, हे आज अकराला ठरणार होतं.

"त्या दिवशी जाळीबंदीच्या सभेत तू माझ्या शेजारी बसला होतास," ती म्हणाली. "सगळ्यांच्या आधी हात वर केलास."

"जाळ्यांनीही मासे जातातच. तुझ्याच तोंडचं आहे."

ओला हातमोजा ती एकेका बोटातून सोडवत होती.

"बैठकीत सांगणार आहेस?"

हातमोजा निघाला. तिने दुसऱ्याला हात घातला.

धक्क्यावर काका उभे होते. जाळी गुंडाळल्यापासून ते इकडे फिरकले नव्हते. आज पुतणीबरोबर बैठकीला जायचं म्हणून इस्त्रीचा सदरा घालून आले होते. दादाने इंजिन हळू केलं. काकांनी सवयीने हात पुढे केला आणि लंबूने फेकलेला दोर झेलला.

"काय गं," काका म्हणाले, "परतले का आपले मासे?"

ती उठून उभी राहिली. तिने तोंड उघडलं, तेवढ्यात काका खाली पाहू लागले. धक्क्याच्या खांबांमागून निळ्या ठिपक्यांचे दोन मासे बाहेर आले होते. मग आणखी एक. होडीच्या कडेला येऊन तिन्ही मासे तोंडं वर करून थांबले.

"अरे," काका कौतुकाने वाकले. "हे कुठले पाहुणे?"

दादाने घाईघाईने इंजिन बंद केलं. पाहुणे हलले नाहीत.